फायबर होडीची चमक पुन्हा पुन्हा जाते? बफिंग मशीन उचलण्याआधी हे तपासा

होडी ओली असेपर्यंत रंग नव्यासारखा दिसतो आणि वाळली की पुन्हा राखाडी-पांढुरकी होते. मालवण-देवबागच्या पर्यटन होड्यांपासून मांडव्याच्या स्पीडबोटींपर्यंत ही तक्रार सगळीकडे सारखीच असते. तिच्या जोडीला खालच्यापैकी एक-दोन लक्षणं तरी सापडतातच:

- हात फिरवला की तळव्याला खडूसारखी भुकटी लागते. काळा शर्ट टेकला तर पांढरा पट्टा उमटतो.
- पॉलिश मारलं की दोन-तीन आठवडे चमक टिकते, मग होती तशीच मंद होते. दुपारचं ऊन घेणारी बाजू आधी जाते.
- पाण्याच्या रेषेवर आणि नाळेच्या (होडीच्या पुढच्या टोकाच्या) दोन्ही अंगांना चहाच्या डागासारखा तपकिरी पट्टा येतो. तो साबणाने हलत नाही.
- लाल, निळ्या होडीवर फिकट ढग दिसतात. जुना स्टिकर काढला तर त्याच्याखाली मूळ गडद रंग तसाच असतो.
- कड्या, क्लीट (दोरी बांधायच्या खुंट्या), रेलिंगचे पाय यांच्याभोवती कोळिष्टकासारख्या बारीक रेषा असतात.
- तळाला, पाण्याखालच्या भागात, वाटाण्याएवढे फुगवटे येतात.

पहिली तीन लक्षणं घरच्या घरी सुटतात, चौथं बऱ्याच अंशी. पाचव्याबद्दल थांबून विचार करावा लागतो. सहावं दिसलं तर पॉलिशचा विषय बाजूला ठेवून सरळ लेखाच्या शेवटी जा.

(इथून पुढे 'बोट' म्हणजे हाताचंच बोट, पाण्यातलीला होडी म्हटलं आहे. दोन्हींचं काम पडणार आहे.)

चमक जाते म्हणजे नेमकं काय होतं

फायबर होडी साच्यात बनते. साच्याला आधी जेलकोट मारतात, म्हणजे रंगद्रव्य मिसळलेलं पॉलिएस्टर रेझिन, आणि त्यावर काचतंतूंचे थर चढतात. साच्यातून होडी निघाली की तोच जेलकोट बाहेरची कातडी होतो. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, हाताच्या नखाएवढी. होडीच्या अख्ख्या आयुष्यासाठी एवढीच शिल्लक असते. बफिंगच्या (मशीनने घासून चमकवण्याच्या) प्रत्येक वेळी त्यातलं थोडं खर्च होतं आणि खर्च झालेलं परत येत नाही.

उन्हातली अतिनील किरणं वरच्या पापुद्र्यातलं रेझिन तोडतात. रेझिन गेलं की रंगद्रव्याचे कण सुटे पडतात. हाताला लागते ती भुकटी हीच. पृष्ठभाग खडबडीत झाल्यामुळे प्रकाश सरळ परत न येता विखुरतो आणि रंग पांढुरका दिसतो. पाणी मारलं की ते त्या बारीक खळग्यांत भरतं, पृष्ठभाग तात्पुरता सपाट होतो, म्हणून ओल्या होडीचा रंग खुलतो.

चमक पुन्हा पुन्हा जाण्याचं कारणही इथेच आहे. बाजारातली बरीच 'चमक देणारी' पॉलिशं तेलकट असतात. पाण्याने जे पाच मिनिटं केलं तेच ती तीन आठवडे करतात: खळगे भरतात. मेलेला पापुद्रा खाली तसाच राहतो. तेल उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने निघून गेलं की होडी मूळपदावर येते. मालकाला वाटतं पॉलिश हलकं होतं, म्हणून तो महागडं आणतो आणि पुन्हा तेच घडतं. पापुद्रा पूर्ण निघाल्याशिवाय वर काहीही लावून उपयोग नाही.

कोकणात आणखी एक सवय आडवी येते. लाकडी होडीला काजूच्या टरफलाचं तेल किंवा माशाचं तेल पाजायची जुनी रीत आहे आणि लाकडासाठी ती योग्यच आहे, कारण लाकूड तेल पितं. जेलकोट पीत नाही. त्यावर तेल नुसतं बसतं, जेटीवरची धूळ आणि डिझेलची काजळी धरतं आणि उन्हात पिवळट-तपकिरी होऊन चिकटतं. ते काढायलाच नंतर एक दिवस जातो.

१. आधी नीट धुवा

सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे गोडं पाणी. मंदपणाचा काही भाग जेलकोटचा नसतोच. तो वाळलेलं मीठ, जांभ्या दगडाची तांबडी धूळ आणि धुराची काजळी यांचा असतो. मिठाचे कण न काढता मशीन फिरवलं तर पॅडखाली तेच सॅंडपेपरचं काम करतात.

१० लिटर पाण्यात २० ते ३० मिली गाडी धुण्याचा शॅम्पू घ्या, नसेल तर भांड्यांचा सौम्य द्रवसाबण चालेल. बादल्या दोन ठेवा, एक साबणाची आणि एक फडकं पिळण्याची. कापड मायक्रोफायबरचं किंवा मऊ ब्रश. वरून खाली या आणि सावलीत धुवा, नाहीतर साबण वाळून पट्टे पडतात.

बोअरवेलचं जड पाणी असेल तर ठिपके राहतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा, दोन मिनिटांनी धुवा. ठिपके विरघळले तर ते क्षाराचे होते, जेलकोट ठीक आहे.

ब्लीचिंग पावडर, संडास धुण्याचं ॲसिड, धुण्याचा सोडा, तारेचा काथ्या आणि भांडी घासायची पावडर यांतलं काहीही वापरू नका. त्यांनी होडी त्या दिवशी पांढरीशुभ्र दिसते हे खरं. पण पृष्ठभाग आणखी उघडा पडतो आणि पुढची मळी दुप्पट वेगाने धरते. दर महिन्याला ॲसिडने धुतलेल्या होड्यांचा जेलकोट सगळ्यात लवकर संपतो.

जेटीवर धक्का झेलायला फेंडर म्हणून टांगलेल्या जुन्या टायरांचे काळे ओरखडे साबणाने जात नाहीत. मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने ते निघतात आणि लगेच साबणाने धुवावं लागतं.

२. बोट फिरवा, मग पाणी मारा

होडी पूर्ण वाळू द्या. गडद कापड बोटाला गुंडाळून एक फूट ओढा. भुकटी किती येते ते पाहा. हे नाळेजवळ, मध्यावर आणि ट्रान्समवर (होडीच्या मागच्या सपाट भिंतीवर), दोन्ही अंगांना करा. एकाच बाजूला भुकटी असेल तर तेवढ्याच बाजूला कापणारं कंपाउंड (पापुद्रा घासून काढणारी पेस्ट) लागेल. सगळीकडे सारखंच घासून चांगल्या बाजूचा जेलकोट वाया घालवू नका.

आता तोच भाग ओला करा. रंग पूर्ण परतला तर ऑक्सिडेशन (उन्हाने मेलेला पापुद्रा) वरवरचं आहे, कंपाउंडने जाईल. थोडासाच परतला तर थर जाड आहे, बहुधा ओल्या पेपरने, म्हणजे पाणी लावून सॅंडपेपरने, घासावं लागेल. अजिबात फरक पडला नाही तर तो डाग आहे, किंवा रंगद्रव्यच फिकं झालं आहे.

तुलनेला मूळ रंग हवा. तो झाकणाच्या आतल्या बाजूला, जुन्या स्टिकरखाली किंवा कायम फेंडर टेकतो त्या जागी मिळतो. लाल आणि गडद निळ्यात रंगद्रव्य स्वतःच फिकं होतं, ते पॉलिशने भरून येत नाही. चमक येईल, पण स्टिकरखालची गडद छटा येणार नाही. हे आधीच समजून घेतलं तर रंग परत आणण्याच्या नादात जेलकोट संपवला जात नाही.

३. डाग असेल तर घासू नका, विरघळवा

खाडीत उभ्या राहणाऱ्या होड्यांच्या नाळेवर तपकिरी मिशी येते. पानापाचोळ्यातलं टॅनिन आणि पाण्यातलं लोह जेलकोटच्या सूक्ष्म छिद्रांत बसतं. तांबड्या मातीचे आणि स्टीलच्या स्क्रूंखालून ओघळलेल्या गंजाचे डागही लोहाचेच. त्यांना कंपाउंडने घासणं म्हणजे डाग काढण्यासाठी कातडी सोलणं.

हे काम ऑक्झॅलिक ॲसिडचं. प्लॅस्टिकच्या बादलीत १ लिटर कोमट पाणी घ्या आणि त्यात ५० ग्रॅम स्फटिक विरघळवा. ब्रशने डागावर लावा, १० ते १५ मिनिटं ओलंच ठेवा. वाळायला लागलं तर पुन्हा लावा. मग भरपूर पाण्याने धुवा. बहुतेक डाग न घासता निघतात, जुन्यांना दुसरा हात लागतो. ॲसिड ॲल्युमिनियमवर आणि ट्रेलरच्या जस्त चढवलेल्या लोखंडावर सांडू देऊ नका. रबरी मोजे आणि चष्मा हवाच. ते विषारी आहे, त्यामुळे पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका आणि लहान मुलांच्या हाती लागेल असं कुठे ठेवू नका.

गंजाचा ओघळ काढून महिन्याभरात परत आला तर डागाशी भांडू नका. वरचा स्क्रू काढा, तो हलक्या स्टीलचा असेल तर ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचा घाला आणि फट बुजवणारं सीलंट नवीन भरा. त्या भोकातून पाणी आतल्या लाकडी गाभ्यातही जात असतं आणि ते डागापेक्षा कितीतरी महागात पडतं.

४. वर जेलकोटच आहे ना?

जुनी विकत घेतलेली होडी असेल तर ही तपासणी टाळू नका. अनेक होड्यांवर आधीच्या मालकाने रंग मारलेला असतो. धुऊन वाळवलेल्या, न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनचं पांढरं फडकं अर्धा मिनिट धरा. पृष्ठभाग मऊ पडला, चिकट झाला, फडक्यावर ओला रंग आला, तर तो साधा एकघटकी रंग आहे. त्यावर कंपाउंड आणि मशीन चालत नाही, थर उडतो. तिथे पुन्हा रंगकाम हाच मार्ग. जेलकोट आणि पक्का दोनघटकी (घट्ट करणारं हार्डनर मिसळून मारलेला) पॉलियुरेथेन रंग दोघांनाही ॲसिटोनने एवढ्यात काही होत नाही. त्यांच्यातला फरक ओरखड्यात दिसतो: एकाच रंगाचा थर सरळ काचतंतूपर्यंत जात असेल तर जेलकोट, मध्ये दुसरा रंग किंवा प्रायमर दिसला तर रंग. पॉलियुरेथेन असेल तर फक्त बारीक पॉलिश करा, कापणारं कंपाउंड नको. त्याची जाडी जेलकोटच्या पासंगालाही पुरत नाही.

ॲसिटोन झटकन पेट घेतं. जवळ बिडी-सिगारेट, चालू मशीन, वेल्डिंग काही नको.

५. जुनं मेण आणि पापुद्रे

पाणी मारल्यावर काही जागी गोल थेंब बसतात आणि काही जागी पाणी पसरतं, म्हणजे जुनं मेण ठिकठिकाणी शिल्लक आहे. त्यावर कंपाउंड घसरतं आणि काम चकट्या-चकट्यांचं होतं. मिनरल टर्पेंटाइनने फडकं बदलत पुसा. एकच फडकं फिरवत राहिलात तर मेण फक्त जागा बदलतं.

कुठे पिवळट पारदर्शक पापुद्रे सुटत असतील तर कोणीतरी ब्रशने लावायचं ॲक्रिलिकचं 'लिक्विड ग्लॉस' वापरलं आहे. घासाघीस न करता चमक देतं म्हणून ते खपतं. आमचं मत स्पष्ट आहे: कोकणच्या उन्हात ते लावू नये. पिवळं पडतं, सोलवटतं आणि काढायला कंपाउंडपेक्षा जास्त कष्ट लागतात.

६. एक फुटाचा चौकोन, हाताने

सगळ्यात खराब जागी मास्किंग टेपने एक फूट बाय एक फूट चौकोन करा. मध्यम कंपाउंड सुपारीएवढं घेऊन सुती फडक्याने दोन-तीन मिनिटं जोर देऊन घासा आणि पुसा. आता आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्या चौकोनावर फिरवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि फसतात. कंपाउंडमधलं तेल या पुसण्याने निघतं आणि खरी चमक किती ते कळतं.

अल्कोहोलनंतरही चौकोन चमकत असेल तर मध्यम कंपाउंड पुरे. चमक निम्मी राहिली तर कापणारं कंपाउंड आणि लोकरी पॅड. काहीच उरलं नाही तर ओला पेपर. चौकोनात काचतंतूंची वीण किंवा खालची हिरवट-तपकिरी, अर्धपारदर्शक छटा दिसायला लागली तर तिथेच हात थांबवा.

७. मशीन

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: वर्कशॉपमधल्या चार इंची ग्राइंडरला लोकरीचा बफ लावलेला असतो. तो मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो. जेलकोट उष्णतेने पिवळा पडतो, जळका वास येतो आणि कडांवरचा थर काही सेकंदांत जातो. हवं ते वेग कमी-जास्त करता येणारं ७ इंची रोटरी पॉलिशर, ६०० ते ३,००० फेऱ्यांचं. ते नसेल तर भाड्याने आणा, पण ग्राइंडर नको.

हिशोब आधी करा. १८ फुटी होडीच्या पाण्यावरच्या दोन्ही बाजू आणि ट्रान्सम मिळून साधारण ९ चौरस मीटर भरतात. दोन फूट बाय दोन फुटाचे सुमारे २४ तुकडे होतात. एका तुकड्याला कापण्याची पाच-सहा मिनिटं धरली तर एका फेरीला अडीच तास, आणि कंपाउंड ३०० मिलीच्या आसपास. पुढची बारीक फेरी आणि मेण वेगळं. म्हणजे दोन सकाळींचं काम आहे, एका दुपारचं नाही.

सावली हवी. हात टेकवता येणार नाही इतका चटका बसत असेल, तर तसल्या तापलेल्या होडीवर कंपाउंड चालत नाही. ते वाळून गोळे होतात. मे महिन्यात सकाळी सात ते दहा हीच वेळ. गडद होडीचा पृष्ठभाग दुपारी ६० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जातो. वायर पाण्यापासून वर टांगा आणि लाइनला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय मशीन लावू नका. ओल्या जमिनीवर, खाऱ्या हवेत उभं राहून हे काम चालतं.

नोंदणी क्रमांक, नाव, रबरी पट्टी, धारदार कडा यांना टेप लावा. नाळेची धार आणि बाजू-तळ जुळतात तो कोपरा इथे जेलकोट आधीच पातळ असतो. टेप त्याच दिवशी काढा, उन्हात राहिली तर तिचा गोंद भाजून बसतो.

तुकड्यावर कंपाउंडचे वाटाण्याएवढे पाच ठिपके द्या, मशीन बंद असताना पॅडने पसरवा. ८०० फेऱ्यांवर सुरू करून १,४०० ते १,८०० पर्यंत न्या. जोर मशीनच्या वजनाएवढाच. पॅड जवळजवळ सपाट ठेवा आणि एका जागी थांबू नका. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर निम्मी चढवत आधी आडवं, मग उभं. तीन-चार फेऱ्यांत कंपाउंड पारदर्शक झालं की पुसा. दर दोन तुकड्यांनंतर पॅड कडक नायलॉन ब्रशने झटका. कंपाउंडने भरलेला पॅड कापत नाही, फक्त तापवतो. पॅडला होडीचाच रंग लागतो, ते साहजिक आहे, कारण रंग जेलकोटच्या आतच आहे. वेगळा रंग लागायला लागला तर ताबडतोब थांबा.

पुढे कसं जायचं हे ठरवायला वर्तमानपत्र पुरतं. एक फुटावर धरून मथळ्याचं प्रतिबिंब पाहा. अक्षरं वाचता आली की कापण्याचं काम झालं. नंतर फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश, १,२०० फेऱ्यांवर, म्हणजे लोकरीने सोडलेले गोल ओरखडे जातील. गडद होडीवर ही फेरी गाळली तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक वर्तुळ दिसतं. पांढऱ्या होडीवर मात्र आम्ही सहसा या फेरीत फार वेळ घालवत नाही.

शेवटी पुन्हा अल्कोहोल-पाण्याचं फडकं, सगळीकडे. मंद राहिलेली जागा आत्ताच सापडली पाहिजे. मेणाखाली झाकलेला मंदपणा म्हणजे तीन आठवड्यांनी तीच तक्रार.

८. ओला पेपर, अगदीच गरज असेल तर

कापणाऱ्या कंपाउंडने दोन फेऱ्यांतही काम झालं नाही तरच. ८०० नंबरच्या पेपरपासून सुरुवात, मग १,०००, १,५००, २,०००. ८०० पेक्षा जाड पेपर हा घरी करायचा प्रयोग नाही. पेपर रबरी ब्लॉकवर गुंडाळा, बोटांनी धरून घासलात तर बोटांएवढ्या खाचा पडतात. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका. घासण्याआधी पृष्ठभागावर पेन्सिलने जाळी आखा. रेघा पुसल्या गेल्या की तेवढ्यात थांबा. प्रत्येक नंबरची दिशा आधीच्याला आडवी ठेवा, म्हणजे मागच्या ओरखड्यांचा पत्ता लागतो. कडांपासून दोन बोटं लांब राहा.

किती जेलकोट उरला आहे हे मोजायला मोटारगाड्यांच्या डिटेलिंगवाल्याचं जाडीमापक उपयोगी नाही. ते रंगाखाली धातू असेल तरच वाचतं. फायबरवर अल्ट्रासॉनिक मापक लागतं आणि ते होड्या तपासणाऱ्या सर्वेक्षकाकडे असतं. म्हणून ज्या होडीचा इतिहास माहीत नाही तिला पेपर लावायच्या आधी दहादा विचार करावा.

९. आता संरक्षण, त्याच दिवशी

उघडा, ताजा घासलेला जेलकोट रात्रभर खाऱ्या हवेत ठेवू नका.

कार्नुबा मेणाची चमक देखणी असते, पण आपल्या उन्हात रोज पाण्यात असलेल्या होडीवर ती महिना-दोन महिने टिकते. पॉलिमर सीलंट, म्हणजे मेणाऐवजी लावायचा कृत्रिम संरक्षक थर, चार ते सहा महिने जातं. धंद्याच्या होडीसाठी आम्ही पॉलिमरच सांगू: वर्षातून दोन वेळा लावलं की भागतं. पातळ हात द्या, डबीवर सांगितल्याप्रमाणे पुसा, काही तासांनी दुसरा हात द्या. जाड थराने टिकाऊपणा वाढत नाही, पुसायला त्रास तेवढा होतो. सिरॅमिक लेप चांगला असतो, पण त्याला पूर्ण कोरडा, तेलमुक्त पृष्ठभाग आणि धूळ-दमट नसलेली जागा लागते. जुलैच्या हवेत उघड्यावर तो लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

मेण पाण्याच्या रेषेच्या खाली नेऊ नका. तिथे अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा) रंग बसवायचा असतो आणि मेणावर कोणताही रंग धरत नाही.

त्यानंतर टिकवण्याचं काम साधं आहे: दिवस संपला की गोड्या पाण्याने धुणं, आठवड्याला साबण. थेंब गोल बसायचे थांबले की सीलंटचा एक हात. भुकटी दिसेपर्यंत वाट पाहिली तर पुन्हा कातडी खर्च होते.

पावसाळ्यातली मांडणीही यातच येते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकल्या जातात. बरेच जण ऑगस्टच्या तोंडावर, नारळी पौर्णिमेच्या घाईत पॉलिश करतात. ते उलटं आहे. मेच्या शेवटी, होडी वर आल्या आल्या धुऊन, घासून, सीलंट लावून मगच झाका. निळी ताडपत्री अंगाला घट्ट आवळली तर आत घाम धरतो, बुरशी येते आणि दोन महिने ओल्या प्लॅस्टिकखाली राहिलेल्या जेलकोटवर पांढुरके चट्टे उठतात. जुन्या लोकांची झापांनी (विणलेल्या झावळ्यांनी) शाकारायची पद्धत याबाबतीत शहाणी होती, कारण झापांतून वारा खेळतो. ताडपत्रीच वापरायची तर खाली बांबूची कमान करा, दोन्ही टोकं उघडी ठेवा आणि दोरी जिथे घासते तिथे जुनं कापड बांधा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

*काचतंतू दिसले.* तिथे जेलकोट संपला आहे. त्यातून पाणी आत शिरेल. पॉलिशने काही होणार नाही, पुन्हा जेलकोट किंवा दोनघटकी रंग लागेल. पॉलियुरेथेन रंगात आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्यासाठी बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो, साध्या मास्कवर ते काम कोणी करू नये.

*तळाला फुगवटे.* चष्मा लावून एक फोडून पाहा. आतून व्हिनेगरसारखा आंबूस वास आणि चिकट पाणी आलं तर ते ऑस्मोसिस आहे, म्हणजे पाणी जेलकोटमधून आत झिरपून साठलं आहे. थर सोलणं, आठवडेच्या आठवडे सुकवणं आणि मग इपॉक्सी, असं ते होड्या दुरुस्तीच्या यार्डातलं काम आहे. पावसाळ्यात ते सुरूच करू नये, होडी सुकतच नाही.

*भेगा.* मार्करची शाई लावून पुसा, भेगा उठून दिसतील. सरळ, एकट्या आणि उथळ असतील तर लक्ष ठेवा. एका बिंदूतून किरणांसारख्या फुटल्या असतील किंवा क्लीट, इंजिनाचा ब्रॅकेट यांच्या पायाशी असतील, तर खालचा भाग लवतो आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने आजूबाजूला ठोका. टणक 'टक' आवाजाऐवजी मध्येच बद्द आवाज आला तर थर सुटला आहे. वरून भरून पॉलिश केलेली अशी भेग पुढच्या हंगामात त्याच जागी उघडते. प्रवासी होडी असेल तर हे सर्वेक्षकाला दाखवल्याशिवाय पाण्यात उतरवू नका.

*खोल खड्डे.* नखाएवढा टवका घरी भरता येतो: १० ग्रॅम जेलकोटला एमईकेपी या हार्डनरचे (जेलकोट घट्ट करणाऱ्या द्रवाचे) ४ थेंब, ३० अंशांच्या हवेत हाताशी दहा मिनिटांच्या आसपास वेळ. हवा लागली तर वरचा थर चिकट राहतो, म्हणून भरल्यावर प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी चिकटवा. एमईकेपी डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते. चष्म्याशिवाय झाकण उघडू नका. गेलंच तर लगेच किमान १५ मिनिटं पाण्याने डोळा धुवा आणि तसंच दवाखाना गाठा. रेझिनच्या दुकानात कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारा द्रव) आणि हार्डनर शेजारी शेजारी मिळतात. ते दोन्ही एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. टवका काचतंतूत शिरला असेल किंवा तळहाताएवढा असेल तर हे सगळं सोडून फायबरच्या कारागिराला बोलवा.

*अँटीफाउलिंगचा जुना थर.* तो कोरडा घासू नका. त्यात तांबं आणि जीवनाशकं असतात, धूळ फुप्फुसात जाते आणि धुतलेलं पाणी खाडीत. ओलं घासायचं, खाली प्लॅस्टिक अंथरायचं आणि चिखल गोळा करायचा. तशी जागा नसेल तर ते काम यार्डाकडे द्या.